आपल्या माणसाकडचं हेड गॅस्केट

माणसाला जगण्यासाठी अन्न, वस्त्र आणि निवारा लागतो, असं शाळेत शिकवतात. आमच्या बीड जिल्ह्यात ओळख लागते. ती असली की बाकीच्या तिन्ही गोष्टींसाठी फोन लावता येतो. फोन लावल्यावर त्या मिळतातच असं नाही. पण ज्याला फोन लावायला कुणीच नाही त्याच्यापेक्षा आपण किती वरचे आहोत, हे समाधान जागच्या जागी मिळतं.

या बाबतीत मी श्रीमंत आहे. तहसील, दवाखाना, वीज मंडळ, एसटी, साधारण नव्वद टक्के खात्यांत माझा आपला माणूस आहे (उरलेल्या दहा टक्क्यांत आपल्या माणसाचा माणूस आहे). यांपैकी एकानेही माझं काम वेळेवर केल्याचं मला आठवत नाही. पण चहा पाजल्याशिवाय एकानेही जाऊ दिलेलं नाही, हेही तितकंच खरं.

तेलगावजवळ माझी शेती आहे आणि एक ट्रॅक्टर आहे. दसरा झाला की तो ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि सोमेश्वर मुकादमाची टोळी कोल्हापूरकडच्या एका कारखान्यावर ऊसतोडीला जातात. टोळी आठ कोयत्यांची. (नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, सरकारने समानतेसाठी आणखी काय करावं?) यंदाही सगळं रीतसर झालं. ट्रॉल्यांत ताडपत्र्या, भांडी, बाजरीची पोती, कोंबड्या आणि पोरं भरली. बोनटवर नारळ फुटला. आसाराम आणि जानकीबाई या जुन्या जोडप्याने घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या म्हातारीकडे दिली. ट्रॅक्टर माझ्या अंगणातून निघाला आणि गल्लीच्या तोंडाला जाऊन पांढरा धूर सोडत बसला.

शिवशंकर मिस्त्रीने हेड खोलून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, हेड गॅस्केट गेलंय. पाणी तेलात मिसळलं."

गॅस्केट म्हणजे इंजिनाचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधे बसणारा एक पातळ पत्रा. पाणी पाण्याच्या जागी आणि तेल तेलाच्या जागी राहावं, एवढंच त्याचं काम. असा पत्रा माणसामाणसांत का बसवत नाहीत, हा प्रश्न मला पुढे पडला. तेव्हा पडला नाही.

"चौकात भेटंल," शिवशंकर म्हणाला. "घेऊन या, सांजच्याला चालू करून देतो."

मला त्याची कीव आली. चौकातल्या दुकानदाराला मी ओळखत नव्हतो. अनोळखी माणसाकडून इंजिनाचा पार्ट घ्यायचा? माझ्या बायकोच्या, बबिताच्या, मामाचा मुलगा राधाकिशन केजला स्पेअर पार्टचं दुकान टाकून बसलेला असताना? बबिताने तर तिथेच सांगितलं, "राधाकिशनला सोडून दुसरीकडं गेलात, तर मी मामाला काय तोंड दाखवू?" झालं. मी मोटारसायकलला किक मारली. तेलगावचा चौक मागे टाकला, धारूरचा घाट चढलो, धारूरची चार दुकानं मागे टाकली (तिथं आपलं कोणी नाही) आणि केजला पोचलो.

राधाकिशनची सेवा हा अभ्यासाचा विषय आहे. दुकानात दोन प्रकारची माणसं येतात: गिऱ्हाईक आणि आपली. गिऱ्हाईक उंबऱ्यावरच उभं राहतं, पार्टचं नाव सांगतं, पार्ट घेतं आणि जातं. त्याला कोणी बस म्हणत नाही. आपला माणूस मात्र काउंटरच्या आत, पंख्याखाली, खुर्चीवर बसतो. त्याला घाई नसते, असं गृहीत धरलेलं असतं. मी सकाळी बसलो. माझ्यादेखत असंख्य परके आले, आपापले पार्ट घेऊन गेले. दर थोड्या वेळाने राधाकिशन माझ्याकडे प्रेमाने बघायचा.

"बसा दाजी. ह्यांना वाटंला लावतो, मग आपलंच हाय. चहा?"

मी त्या उभ्या राहिलेल्या लोकांकडे बघत होतो. बिचारे! खुर्ची नाही, चहा नाही, नुसता पार्ट. दुपार ढळताना राधाकिशनने एक गॅस्केट काढून माझ्या हातात दिलं.

"मॉडेल विचारलं नाहीस?" मी म्हणालो.

"दाजीला मॉडेल विचारायचं? तुमचं ट्रॅक्टर म्हंजे माझंच ट्रॅक्टर."

घरी आल्यावर शिवशंकरने ते इंजिनावर ठेवून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मालक, हे चार सिलिंडरचं हाय. आपलं तीनाचं."

"एकाच सिलिंडरचा फरक आहे," मी म्हणालो. आपल्या माणसाची बाजू घ्यायची तर अंकगणिताकडे थोडं दुर्लक्ष करावं लागतं.

दुसऱ्या खेपेला राधाकिशनने कपाळावर हात मारून घेतला, दोनदा चहा सांगितला आणि नवीन गॅस्केट दिलं. "ओरिजनलच हाय दाजी, फक्त कंपनी येगळी." ते बसलं. इंजिन सुरू झालं. टोळीतल्या बायकांनी पुन्हा पोरं ट्रॉलीत चढवली, कोंबड्या मोजल्या. ट्रॅक्टर गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि मागच्याच जागी, मागच्याच रंगाचा धूर सोडून थांबला. एका अर्थाने त्यात सातत्य होतं.

तिसऱ्या खेपेला मी जरा कडक व्हायचं ठरवलं. वॉरंटीचं विचारलं. राधाकिशन म्हणाला, वॉरंटीला बिल लागतं. मी म्हणालो, मग बिल दे. राधाकिशनचे डोळे भरून आले.

"बिल? दाजी, आपल्यात बिल?"

मी शरमलो. सोयऱ्याच्या दुकानात बसून मी बिल मागितलं होतं. उद्या लग्नात पंगतीला बसलो तर पावती मागायचो. मी त्याची माफी मागितली, चहा प्यालो, पार्ट न घेताच परत आलो आणि वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

आता वरून दाब आणणं भाग होतं. आमच्या भागातले युवा नेते अमरसिंहभैय्या यांच्याकडे गेलो. त्यांच्या ओट्यावर आधीच बरेच जण फोनसाठी बसलेले होते. कुणाला खत हवं होतं, कुणाला बदली, एकाला नुसतंच 'सांगून ठेवायचं' होतं. माझी पाळी आली. भैय्यांनी फोन लावला आणि म्हणाले, "राधाकिशन, आपला माणूस हाय. बघून घे." एवढंच. किती वजन होतं त्या बोलण्यात! माझ्या अंगावर काटा आला.

भैय्यांच्या फोनचा परिणाम ताबडतोब झाला. राधाकिशन रुसला. "नेत्याचा फोन कावून करायला लावला? मी काय परका हाय का?" एवढं बोलून त्याने माझे फोन उचलणं बंद केलं. रुसवा काढायला बबिताला मामाकडे जावं लागलं. ती जाऊन, मामीच्या हातचं पुरण खाऊन, दोन नवी पातळं घेऊन आली. गॅस्केटचा विषय काढायला तिला वेळ मिळाला नाही.

इकडे टोळी माझ्या अंगणात. नारळ फोडून घरातून निघालेला माणूस कामाला लागल्याशिवाय माघारी फिरत नाही, अशी त्यांची रीत आहे. त्यामुळे आपापली घरं हाकेच्या अंतरावर असून सगळे माझ्या गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली राहत होते. तीन दगडांच्या चुली पेटत होत्या. मी गेलो की पुरुष उठून उभे राहायचे. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो. (घरमालक म्हणून तो माझा हक्क आहे.)

जानकीबाईने मला तिथंही गाठलं.

"मालक, मोळी पडली कारखान्याची, गाळप चालू झालं. फोन आलता सोमेश्वरला."

"होतंय, जानकीबाई. माणूस आपलाच आहे."

"तिकडं उशिरा गेलं की आडवा पडलेला ऊस देत्यात तोडायला. दिसभर वाकलं तरी गाडी भरत न्हाई. मागल्या साली दुसऱ्या टोळीचे हाल बघितलेत आमी. आन् तिकडं खायला घेतलेली बाजरी हितंच संपाय लागलीय."

"आपला माणूस आहे म्हणून तर थांबलोय," मी म्हणालो. मला तिचा राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

त्या दिवशी मी जन्मात केलं नव्हतं ते धाडस करायचं ठरवलं. राधाकिशनच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे, आणखी एक स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याच्या मालकाला मी ओळखत नव्हतो. इतक्या वेळा केजला बसून चहा पिताना मी ते दुकान पाहिलं होतं; तिथं माणसं जात होती आणि हातात खोकं घेऊन बाहेर पडत होती. मी मोटारसायकल स्टँडमागे लपवली, तोंडाला रुमाल बांधला, डोळ्यावर गॉगल चढवला आणि टळटळीत दुपारी रस्ता ओलांडला.

दुकानात चष्मेवाले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही. "काय पायजे? मॉडेल? सिलिंडर किती? जुनं आणलंय का?" मी जुनं गॅस्केट दिलं. त्यांनी ते नव्यावर ठेवलं, एकेक भोक जुळवून पाहिलं, खोकं बंद करून काउंटरवर ठेवलं आणि बिलबुक उघडलं. किती वेळ लागला म्हणता? माझा रुमाल नीट घामेजला पण नव्हता. मला भरून आलं. मोठं झाल्यापासून कोणी माझ्याशी इतकं परकेपणाने वागलं नव्हतं.

तिथंच गप्प बसायचं होतं. खोकं उचलायचं, निघायचं. पण आमच्याकडे समोर माणूस असला आणि दोन घटका रिकाम्या असल्या की तोंडातून आपोआप एक वाक्य बाहेर पडतं. शिंक यावी तसं ते आलं.

"गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

"दिंद्रुड."

"अरे! दिंद्रुडला आमची आत्या दिलेली. सत्यभामा."

बिल लिहिणारा हात थांबला. त्यांनी चष्मा वर केला. "सत्यभामाकाकू? वरच्या आळीच्या? आवो, आमच्या भावकीतल्याच की त्या! रुमाल काढा. काढा रुमाल! म्हंजे तुमी काकूचे भाचे!"

मी रुमाल काढला. मोहनराव (आता नाव कळलं) काउंटरवरून वाकून मला भेटले. अर्धं लिहिलेलं बिल त्यांनी टराटरा फाडलं. "तुमाला बिल कसलं?" मग त्यांनी ते खोकं उचललं आणि परत फळीवर ठेवलं. "हे न्हाई द्यायचं तुमाला. हे गिऱ्हाइकाला द्यायचं हाय. तुमच्यासाठी पुण्यावरून चांगलं मागवतो. बसा. ए, चहा सांग रे दोन!"

मी एवढंच म्हणायला हवं होतं की काका, मला गिऱ्हाईकच समजा. जीव तोडून सांगायला हवं होतं. पण खरं सांगू? मला बरं वाटलं. केजच्या भर बाजारात आपला आणखी एक माणूस निघाला, माझी छाती फुगली आणि मी खुर्चीत बसलो. माझ्या मागे उभा असलेला कोणी अनोळखी माणूस तेच खोकं घेऊन गेला. तेवढ्यात मोहनरावांनी रस्त्यापलीकडे हाक मारली, "राधाकिशन, ये बे, आपले पाव्हणे निघाले!" राधाकिशन आला. त्याने फक्त चहा अर्धा ठेवला, आणि आमच्यात ही फार मोठी शिक्षा आहे.

घरी पोचलो तेव्हा अंगणात एक ट्रॅक्टर उभा होता. लातूरकडचा कोणी होता. सोमेश्वरने कुठून तरी नंबर मिळवून बोलावला होता. माझ्या ट्रॉल्यांतलं सामान त्याच्या ट्रॉल्यांत गेलं होतं. पोरं वर चढली होती.

"सोमेश्वर, अरे, कोण कुठला माणूस, ना ओळख ना पाळख," मी म्हणालो. "परक्याच्या ट्रॅक्टरवर जाताय?"

सोमेश्वरने ट्रॉलीची दोरी आवळली. वरून जानकीबाई बोलली, "परक्याचं हाय म्हणून तर चालू हाय, मालक."

आणि तो चालू होता. गल्लीच्या तोंडाला धूर न सोडता तो वळला आणि गेला. पुढे कळलं, टोळीला पडलेला ऊसच मिळाला. पोचायला उशीर झाला होता. तो सगळा माझ्या अंगणात झाला होता. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझा ट्रॅक्टर अजून उघडाच आहे. मोहनरावांचा माल पुण्याहून निघालाय म्हणतात.

हे सगळं वाचून तुम्ही मला हसत असाल. खुशाल हसा, माझी तक्रार नाही. शिकलेली माणसं आहात, ओळखीपाळखी असल्या गोष्टींच्या वर गेलेली आहात. फक्त एक सांगा. मघापासून तुम्ही मनातल्या मनात माझं आडनाव काय असेल ते शोधताय ना? राधाकिशनचं, मोहनरावांचं, जानकीबाईचंही? ते एकदा कळलं असतं की चूक कोणाची आणि कीव कोणाची करायची, हे तुम्हाला चटकन ठरवता आलं असतं. मी ते मुद्दामच कुठे लिहिलेलं नाही. आता ठरवा.