बिगर कार्बोरेटरची जिप्सी

माझ्या हातून आजवर एकही यंत्र बिघडलेलं नाही. मी कशाला हातच लावत नाही म्हणून, असं माझी बायको सोनाली म्हणते. ते खोटं ठरवायची संधी मला यंदा थंडीत मिळाली. माझे सासरे चिंधाअप्पा लग्नासाठी अमळनेरला गेले आणि मी ठरवलं, ते परत यायच्या आत त्यांच्या जुन्या जिप्सीचं कार्बोरेटर काढून टाकायचं आणि फ्युएल इंजेक्शन बसवायचं. गुपचूप.

अप्पा पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जिप्सी घेतली आणि मिलमधल्या कामगारांवर ओरडायचं राहून गेलेलं सगळं ते तिच्यावर ओरडू लागले. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. रोज सकाळी आमच्या खिडकीसमोर एकच कार्यक्रम. अप्पा चोक ओढणार, ॲक्सिलरेटर दाबणार, स्टार्टर मारणार. जिप्सी दम्याच्या पेशंटसारखी खोकून गप्प बसणार. मग बोनेट उघडून अप्पा कार्बोरेटरमध्ये डोकं घालणार. गल्लीभर पेट्रोलचा वास. आमच्या चहालासुद्धा तोच वास.

"अप्पा, इंजेक्शन बसवून घ्या ना," मी एकदा म्हणालो होतो. "पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. किल्ली फिरवली की गाडी चालू."

"पाव्हणा," अप्पा म्हणाले, "कार्बोरेटर म्हणजे गाडीचं काळीज. आणि काळजाचं काम कॉम्प्युटर करत नाही."

विषय तिथेच संपला होता. म्हणून गुपचूप.

कडोदऱ्याला लोकेशचं गॅरेज आहे. माणूस कामाला पक्का, पण भित्रा. "भाऊ, अप्पांना विचारलंय ना?" तो सारखा विचारत होता. मी दर वेळी मान हलवत होतो. ती हो म्हणून हलत होती की नाही म्हणून, हे त्याने विचारलं नाही. त्याने टाकीत नवा पंप टाकला, वायरिंग ओढलं, डॅशबोर्डखाली कॉम्प्युटरचा डबा लपवला आणि कार्बोरेटर काढून त्या जागी इंजेक्शन बसवलं. चोकची दांडी मात्र मी तशीच ठेवायला लावली. ती आता कशालाच जोडलेली नव्हती. आमच्या सोसायटीच्या चेअरमनसारखी नुसती जागेवर होती.

अप्पा परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. त्यांनी चोक ओढला, ॲक्सिलरेटर दाबला, स्टार्टर मारला. जिप्सी लगेच सुरू झाली आणि मांजरासारखी गुरगुरत राहिली.

अप्पांनी ती बंद केली, पुन्हा सुरू केली. मग घरात आले.

"सोनू, पाहिलंस? गावाला जायच्या आधी मी कार्बोरेटर साफ केलं होतं. हात लागावा लागतो, हात."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता की माझी जीभ उचलेना. सोनाली माझ्याकडे बघून म्हणाली, "आता भोगा."

गाडी रोज पहिल्या झटक्यात सुरू व्हायला लागली. बोनेट उघडायची वेळच येईना. किल्ली फिरवली की मागून पंपाचा गुंऽऽ असा आवाज यायचा. अप्पांनी विचारलं, तेव्हा मी भुंगा असेल म्हणालो. ते रोज टाकीपाशी वाकून भुंगा शोधू लागले. आणि गल्लीत जो भेटेल त्याला कार्बोरेटरची थोरवी सांगू लागले.

हे ऐकून विठ्ठलभाऊ खवळले. ते अप्पांचे मिलमधले जुने सोबती. त्यांच्याकडे जीप आहे आणि तिला वर्षभरापूर्वीच इंजेक्शन बसवलेलं आहे. "चिंधा, रविवारी तापीच्या रेतीत ये," ते म्हणाले. "कोण चढ चढतं ते बघू. सगळ्यांदेखत."

मी रविवारी आजारी पडायचं ठरवलं होतं. पण अप्पांनी मला उचलूनच शेजारच्या सीटवर बसवलं.

नदीकाठी दोघांचे जुने सोबती जमले होते. विठ्ठलभाऊंची जीप चढाच्या मध्यावर रेतीत रुतली. मग अप्पांनी चोक ओढला, मनोभावे, आणि जिप्सी थेट वर जाऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, कारण त्यातल्या निम्म्या माझ्या होत्या.

विठ्ठलभाऊ घामाघूम होऊन वर आले. ते खरोखर हरले होते. "चिंधा, मानलं," ते म्हणाले. "उद्याच लोकेशकडे जातो आणि माझं इंजेक्शन काढून टाकतो." मागून आणखी एकजण म्हणाला, "माझंही काढायला सांगा." आणि वर विठ्ठलभाऊ म्हणाले, "आता बोनेट उघड. त्या कार्बोरेटरचं दर्शन तरी घेऊ दे."

"बोनेट गरम आहे," मी म्हणालो आणि बोनेटवर बसलो. ते खरंच गरम होतं. मी स्वतःहून उतरलो.

अप्पांनी बोनेट उघडलं. सगळे वाकले.

अप्पा भांबावले की थेट अहिराणीवर येतात. "हाई काय शे?" ते हळूच म्हणाले. "मन्हं कार्बोरेटर कोठे गये?"

विठ्ठलभाऊंना हसू फुटायला लागलं होतं. सगळ्यांसमोर अप्पांचं तोंड एवढंसं झालं, ते मला बघवेना. मी पुढे झालो. "अप्पा, ते मी काढलं. इंजेक्शन मी बसवलं. तुम्ही गावाला होतात तेव्हा."

अप्पांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाव्हणा, तुम्ही? तुम्ही बल्ब बदलायला माणूस बोलावता."

"हो, हे खरं आहे," विठ्ठलभाऊ म्हणाले. त्यांचं हसू विरून गेलं. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. माझ्यावर इतक्या लोकांचा इतका अविश्वास मी प्रथमच पाहिला. मी लोकेशला फोन लावून स्पीकरवर ठेवला. "अप्पांना विचारून केलंय ना, भाऊ?" एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही.

शेवटी अप्पांनीच निकाल दिला. "चोरी गये. चोराने कार्बोरेटर नेलं आणि पकडला जाऊ नये म्हणून हे बसवून गेला." ते पुन्हा आत वाकले आणि त्यांनी एका पाइपवरून बोट फिरवलं. "पण चोर भला माणूस होता. काम चांगलं केलंय."

विठ्ठलभाऊंनी आपलं इंजेक्शन राहू दिलं. परतीच्या वाटेवर अप्पा चोकला हात न लावता गाडी चालवत होते आणि अधूनमधून माझ्याकडे बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होतो.

काल सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो असताना अप्पा खाली आले. "सोनू, मागचे ब्रेक फार आवाज करतात," ते पोह्यांकडे बघत म्हणाले. "तो चोर पुन्हा आला, तर बरं होईल. दुपारी मी झोपलेला असतो."

आणि जिप्सीची किल्ली त्यांनी माझ्या बशीशेजारी ठेवली.

मी कामावरून अर्ध्या दिवसाची रजा काढली आहे.