ओट्यावरचे सर

मासा मरायचं नावच घेत नव्हता.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भाज्या धुवायच्या मोठ्या चाळणीत तो ऐसपैस पहुडला होता आणि लांब मिशा हलवत समोर उभ्या असलेल्या तिघांची हजेरी घेत होता.

"पाण्याबाहेर काढला की मासा मरतो," बाबा पुन्हा म्हणाले.

"हे त्याला कोणी सांगितलंय का?" आईने विचारलं.

"मागूर आहे तो. मागूर जरा चिवट असतो."

"जरा? तुम्ही आंघोळ करून आलात, माझा भात होत आला, आणि हा आपला टकामका बघतोय!"

"आई, हा अगदी आमच्या मुख्याध्यापकांसारखा दिसतो गं," भिंगरी म्हणाली. "त्याच मिशा, तीच नजर. आता मला बाकावर उभं करणार बघ."

त्या क्षणापासून घरात माशाला कोणी अरेतुरे केलं नाही.

भिंगरी नववीत होती. हे तिचं खरं नाव नव्हतं, पण एका जागी स्वस्थ बसलेलं तिला कोणी पाहिलं नसल्यामुळे तेच चिकटलं. बाबा दर रविवारी गळ घेऊन तळ्यावर जायचे आणि दुपारी पिशवीभर मासे आणायचे, तेही साफ करून, तुकडे पाडून. "तिथेच उरकतो सगळं. घरात घाण नको," असं म्हणायचे. भिंगरीने बरोबर येऊ का विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "गळाला चिकाटी लागते, बाळा. तुझं काम नाही ते." आज मात्र ती आधीच स्कूटरवर जाऊन बसली होती आणि काही केल्या उतरायला तयार नव्हती.

तळ्यावर बाबांनी गळ पाण्यात सोडला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बाकावर बसल्या बसल्या घोरायला लागले. भिंगरीने दोरी ओढून पाहिली. गळाला काहीच लावलेलं नव्हतं! ना गांडूळ, ना कणकेची गोळी. नुसता आकडा पाण्यात आंघोळ करत होता. तिने डब्यातल्या ऑम्लेटचा तुकडा त्याला अडकवला. थोड्या वेळाने काठी अशी वाकली की ती भिंगरीलाच तळ्यात ओढते की काय! तिने टाचा रोवल्या, दात-ओठ खाल्ले आणि ओढत ओढत मासा काठावर आणला. बाबा दचकून जागे झाले आणि थेट बाकावर चढले.

"बाबा, धरा ना!"

"तूच धर! शिकायला मिळेल!"

तिने धरला. कल्ल्यामागचा काटा अंगठ्यात घुसला, ती किंचाळली, मग काट्यांच्या मागून घट्ट पकड घेतली आणि स्वारी बादलीत गेली. अंगठा ठणकत होता, पण भिंगरीला वाटत होतं, आत्ता कोणीतरी ढोल वाजवायला हवा.

परतताना मासळीबाजारापाशी स्कूटर आपोआप हळू झाली.

"साहेब!" मासेवालीने हात केला. "तुमचं तळ्यातलं तयार ठेवलंय हो! नेहमीसारखे बारीक तुकडे केलेत!"

मागे बसलेल्या भिंगरीला बाबांचे फक्त कान दिसत होते. ते लालबुंद झाले.

"बाबा, म्हणजे इतकी वर्षं..."

"आईला सांगू नकोस."

"नाही सांगणार. पण यापुढे गळ माझा."

"तुझा. आणि आज आत्या जेवायला येतेय. तिला तर अजिबात कळता कामा नये."

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणी बाबा गांडूळ बघून कसे रडले होते, हे तिने घरातल्या प्रत्येक लग्नात सांगितलं होतं. भावाच्या मासेमारीचा विषय निघाला की ती नुसती "हं" म्हणायची. त्या एका "हं"वर बाबांचा आठवडा वाईट जायचा.

दारावरची बेल वाजली. सरांना ओट्यावर सोडून तिघंही दाराकडे धावले.

"कुठाय तुझा मासा?" आत्या चपला काढता काढता म्हणाली. "तुकडे दाखवू नकोस हं. अख्खा बघायचाय. आणि तू साफ करतोस कसा, तेही बघायचंय."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी झटकन पुढे झाली. "आत्या, आज बाबा मला शिकवणार आहेत. ते सांगतील, मी करणार."

"हं," आत्या म्हणाली.

सगळे स्वयंपाकघरात आले. चाळण रिकामी होती.

"सर गेले!" भिंगरी ओरडली.

"अगं बाई! कोण सर?" आत्याने छातीवर हात ठेवला. "कशाने गेले?"

"चालत!"

ओट्यावरून खाली, तिथून बैठकीच्या खोलीकडे एक ओली रेघ गेली होती. सर छातीजवळच्या पंखांवर भार देत, अंग डावी-उजवीकडे टाकत फरशीवरून निघाले होते, शाळेच्या व्हरांड्यात फेरी मारावी तसे. आत्या सोफ्यावर चढली. बाबा जेवणाच्या टेबलावर चढले आणि तिथून झाडू परजू लागले.

"डावीकडून घेर! माझ्याकडे पाठवू नकोस!"

"तुम्ही खाली उतरून धरा की!" आईने चाळण फेकली. ती घरभर खणखणत फिरली.

"मी वरून लक्ष ठेवतोय!"

"दर रविवारी धरतोस ना रे?" सोफ्यावरून आत्याने विचारलं. "हाच का तो?"

सरांनी दार गाठलं आणि आत्याच्या चपलेत डोकं घातलं. तेवढं भिंगरीला पुरलं. तिने ओला टॉवेल वरून टाकला, झडप घातली आणि सकाळी शिकलेली पकड घेतली, काट्यांच्या मागून, घट्ट. एकच मासा तिने दोनदा पकडला होता. एवढं तर तळ्यावरच्या कोणालाच जमलं नसेल!

आता तो मरण्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. भिंगरीने खलबत्त्यातला बत्ता उचलला, "सॉरी सर," म्हणाली आणि एकाच फटक्यात शाळा सुटली.

"हं, आता आधी खवले काढ," दारात उभं राहून बाबांनी ऐटीत सांगितलं.

भिंगरीने मासा उलटा केला, सुलटा केला. "बाबा, याला खवले नाहीतच."

आत्याची एक भुवई वर गेली.

"तेच! तेच बघत होतो, तुझं लक्ष आहे का," बाबा म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत सटकले.

मासा साबणासारखा निसटत होता. कबड्डीत हात घामेजले की भिंगरी माती चोळायची. इथे तिने मूठभर मीठ चोळलं. बुळबुळीतपणा गेला. मानेभोवती कातडीला चीर दिली, पण कातडी बोटांना दाद देईना, तेव्हा हत्यारांच्या पेटीतून पक्कड आणली आणि पायातला मोजा उतरवावा तशी सरसर ओढून काढली. पोट अगदी जपून फाडलं. मग धुवून तुकडे, त्यांना लसूण, लिंबू, मिरपूड. निम्मे तव्यावर कुरकुरीत तळले, निम्मे कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात सोडले. एकदा तेल उडालं, एकदा मीठ दुसऱ्यांदा घालता घालता राहिलं, पण घरभर असा वास सुटला की बाबा कारण नसताना तीनदा पाणी प्यायला आले.

पानं वाढली. आत्याने पहिला घास घेतला. मग ताट पुढे केलं. "अजून दोन तुकडे वाढ."

"शेवटी शिकवलं कोणी?" बाबांची छाती फुगली.

"चांगला लागतो की तळ्यातला मासा," आई रस्सा भातात कालवत म्हणाली. "पहिल्यांदाच खातेय."

बाबांचा घास हातातच राहिला. "पहिल्यांदा?"

"एवढी वर्षं तुमच्या पिशवीत बर्फ निघायचा. तळं एवढं गार असतं होय?"

आत्या हसता हसता खोकायला लागली. भिंगरीने तिला पाणी दिलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, शप्पथ, मी नाही सांगितलं."

"मग तू इतके दिवस बोलली का नाहीस?" बाबांनी आईला विचारलं.

"रविवारची सकाळ, तुम्ही तळ्यावर, ही कबड्डीला, घरात चिटपाखरू नाही, पाय वर घेऊन चहा. कशाला बोलू?" आईने त्यांच्या पानात सगळ्यात मोठा तुकडा वाढला. "आणि जाणं बंद करायचं नाही हं. आता दोघंही जा."

पुढच्या रविवारी दुपारी स्कूटर मासळीबाजारापाशी सवयीने हळू झाली.

"साहेब! तळ्यातलं घेऊन जा की!"

"सरळ चला, बाबा," मागून भिंगरी म्हणाली. एका हातात तिचा गळ होता. दुसऱ्या हाताने तिने मांडीवरच्या बादलीचं झाकण गच्च दाबून धरलं होतं, कारण आत आज नव्या मुख्याध्यापकांच्या जोडीला उपमुख्याध्यापकही होते.