सातही वार उपवास

आमच्या ग्रामपंचायतीचे सातही सदस्य अत्यंत धार्मिक आहेत, हे माझी आई अध्यक्ष होईपर्यंत गावाला ठाऊक नव्हतं.

आई, म्हणजे निलम्मा, दलित महिला राखीव जागेवरून निवडून आली; आमच्या सीमाभागात सरपंचाला अध्यक्षच म्हणतात. काल 'ए निले' म्हणणारे आज 'अध्यक्षबाई' म्हणू लागले. प्रगती म्हणतात ती हीच. तेवढ्यात तालुक्याहून परिपत्रक आलं : समता सप्ताहानिमित्त सर्व सदस्यांनी अध्यक्षांच्या घरी सहभोजन करावे व फोटो पाठवावा. आईला फोटोचं काही नव्हतं. ज्यांच्या शेतात वीस वर्षं खुरपलं, त्यांनी एकदा आपल्या उंबऱ्याच्या आत बसून जेवावं, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी तिनं हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर, शिजवली. सातही जणांना महादेवाचा उपवास! मंगळवारी यल्लम्मा, गुरुवारी दत्त, शुक्रवारी लक्ष्मी, शनिवारी मारुती, रविवारी खंडोबा. बुधवारी मात्र देव सापडेना. तेव्हा ज्येष्ठ सदस्य राघोबाअण्णा म्हणाले, "बुधवारचा डॉक्टरनं सांगितलाय, अक्का. शुगर हाय."

"सातही जणांला?"

"व्हय. डॉक्टर एकच हाय की आमचा."

आठवडाभर हुग्गी आमच्या गल्लीनं संपवली. मी दोन किलोनं वाढले.

मग आईनं सभेत ठराव मांडला : 'सदस्य व त्यांची कुटुंबे सातही वार निराहार राहतात, याचा पंचायतीस अभिमान वाटतो.' सातही जणांनी टाळ्या वाजवून सह्या ठोकल्या. मी दहावीत, अक्षर झकास. ठराव मीच लिहून तालुक्याला धाडला.

उत्तर आलं : 'निराहार कुटुंबांस रेशनच्या तांदळाची आवश्यकता दिसत नाही. सात कार्डे बंद.' कार्डं गरिबीचीच होती, राघोबाअण्णांच्या दोन ट्रॅक्टरांसकट.

अण्णा धापा टाकत दारात. "निलम्माक्का, हे काय केलाव? आम्ही जेवताव की!"

"मला काय ठाव, अण्णा? मी कदी बघितलंच न्हाई. पुरावा लागतंय."

"कसला पुरावा?"

"जेवतानाचा फोटो. आत या."

सातही आले, तेही मंगळवारी. यल्लम्मा काही बोलली न्हाई. अण्णांनी हुग्गी तीनदा मागून घेतली.

"अण्णा, शुगर?" मी विचारलं.

"गप वाढ, पोरी!"

आता तुम्ही हसायलाव, व्हय ना? 'आमच्यात असलं काही न्हाई बा,' असंही मनात म्हणून झालं असंल. लई चांगलं. मग येत्या रविवारी आमच्याकडं जेवायलाच या.

कॅलेंडर कामून बघायलाव?