आटलेला स्वेटर

सासूबाईंचा स्वेटर वॉशिंग मशीनमधून बाहेर आला, तेव्हा जावईबापूंनी ड्रममध्ये हात घालून आधी उरलेला स्वेटर शोधला. उरलेला असा काही नव्हताच. होता तो एवढाच होता, वर्षाच्या पोराला बेताचा होईल इतका.

चूक खरं तर चहाची. सासूबाई सकाळी फिरायला गेल्या आणि खुर्चीवरच्या त्यांच्या स्वेटरवर जावईबापूंच्या हातून कप कलंडला. डाग गरम पाण्यानं जातो, एवढंच त्यांना धुण्यातलं कळत होतं. त्यांनी बटण साठ अंशांवर नेलं आणि वर दुप्पट पावडर टाकली.

स्वेटर साधासुधा असता तर गोष्ट वेगळी. हा सासऱ्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत आणलेला. सासरे जाऊन चार वर्षं झाली, तरी सासूबाईंची नणंद दर भेटीत बाही चिमटीत धरून म्हणायची, "वहिनी, दादाला दुकानदारानं फसवलं हो. नायलॉन आहे हे." मग सासूबाई दोन दिवस कोणाशी धड बोलत नसत.

जावईबापूंनी स्वेटर पिशवीत लपवला आणि कोपऱ्यावरची लाँड्री गाठली.

"लोकर आहे साहेब ही," लाँड्रीवाला म्हणाला. "तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की असे गुंततात, की सुटायचं नाव नाही."

"पण शेवटी केसच ना? आमच्या ढब्बूला दर रविवारी गरम पाण्यानं अंघोळ घालतो. तो कुत्रा कुठं आटलाय?"

"त्याचे केस सरळ, गुळगुळीत. लोकर कुरळी, खरखरीत."

"मग मेंढी पावसात कशी आटत नाही?"

"मेंढीला कोणी मशीनमध्ये घालून पाऊण तास फिरवत नाही, साहेब. नायलॉन असतं तर होतं तसं बाहेर आलं असतं. आता ओला करून ताणून बघा. बाकी तुमचं नशीब."

बायको ऑफिसात, त्यामुळे ताणायला दुसरं टोक धरणारं कोणी नव्हतं. जावईबापूंनी स्वेटरला बायकोचं कंडिशनर चोपडलं आणि पोट सुटलेल्या ढब्बूच्या अंगात तो कसाबसा चढवला. ढब्बूला तो मापं घेऊन विणल्यासारखा बसला. तो इतका खूश झाला, की बेल वाजताच सगळ्यांच्या आधी दारात हजर.

सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"गरम पाण्यात धुतलात?"

"चुकलं, आई."

"आणि आटला?"

"फारच आटला. लाँड्रीवाला म्हणाला, नायलॉन असतं तर काही झालं नसतं..."

सासूबाई मटकन खाली बसल्या आणि ढब्बूच्या पाठीवरून, म्हणजे स्वेटरवरून, हात फिरवू लागल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं जावईबापूंना झालं. तेवढ्यात सासूबाईंनी फोन लावला.

"वन्सं? आटला हो, आटला! वीतभर राहिलाय! ह्यांना कोणी फसवलं नव्हतं... पुरावा? कुत्र्याच्या अंगात आहे, येऊन बघा. आणि येताना तुमचा तो अस्सल लोकरीचा कोटही आणा."

फोन ठेवून त्या बाह्या सरसावत उठल्या.

"जावईबापू, वन्सं अर्ध्या तासात येतायत. पाणी तापत ठेवा."