आधी पाचवा भाग

बाबाराव गोतमारे यांचं सीताबर्डीत पडद्याच्या कापडाचं दुकान. गुंडाळलेल्या कापडाचा थान कोणताही येवो, ते आधी शेवटच्या टोकाकडून उलगडून बघत. माल पाठवणारा वरचे चार मीटर झकास देतो आणि डाग आत दडवतो, हा त्यांचा अनुभव. (या अनुभवावर प्रताप नगरात दुमजली घर उभं राहिलं, म्हणून त्यांना कोणी टोकत नसे.) हीच अक्कल त्यांनी एकदा पुस्तकाला लावली आणि घरात मान वर करायची सोय राहिली नाही.

झालं असं. सून अस्मिता घरात आली, मुलगा रोहित नोकरीपायी सदा बाहेरगावी, आणि सासू-सुनेचं बोलणं ‘आई, भाजी कोणती करू?’ याच्या पुढे सरकेना. मग अस्मितानं माहेराहून जादूच्या बेटांची एक लांबलचक कादंबरी आणली. जाडजूड भाग. दुपारी ती वाचून दाखवायची, सासूबाई कुसुमताई ऐकायच्या. बघता बघता दोघींचं असं गूळपीठ जमलं की जेवताना फक्त राक्षस, शाप आणि बुडणारी गलबतं. दुकानात आज काय खपलं, हे बाबारावांना कोणी विचारेना.

“मी बी वाचतो,” एक दिवस ते म्हणाले. “पण पहिल्यापासूनच वाचा लागते काय?”

“हो बाबा, क्रमानंच. नाहीतर मजाच जाते.”

“एवढं वाचेपर्यंत माहे डोळे जातीन न वं!”

पाचवा, म्हणजे शेवटचा भाग नुकताच आला होता. अस्मितानं त्याची वर्षानुवर्षं वाट पाहिलेली. चौथा संपला की दोघींनी मिळून त्याचं प्लास्टिक फोडायचं, असं ठरलेलं. बाबारावांनी तो गुपचूप पिशवीत टाकून दुकानात नेला, कापडाच्या कात्रीनं प्लास्टिक उभं चिरलं, शेवटची पानं वाचली आणि संध्याकाळी भाग कपाटात होता तिथं ठेवला. आता आपणही घरच्या गप्पांत बसणार, या आनंदात त्यांनी जेवताना भाकर जरा मोठीच मोडली.

कुसुमताई म्हणाल्या, “त्या म्हाताऱ्या आंधळ्या नावाड्याले काही होऊ नये बाई. किती जीव लावते तो राजकुमारीले!”

“त्याले काय होते?” बाबाराव उत्साहानं म्हणाले. “तोच तर गद्दार आहे!”

अस्मिताचा हात ताटातच थांबला. “बाबा, तुम्ही पाचवा फोडला?”

“छे! गंमत केली.”

“मंग गद्दार कोण हाय?” कुसुमताईंनी विचारलं.

एक थान पसंत पडला नाही की दुसरा पुढे करायचा, ही जन्माची सवय. “तो... पांढरा घोडा.”

“घोडा तर दुसऱ्याच भागात मेला,” अस्मिता म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. कुसुमताईंनी पदर डोळ्यांना लावला. बाबारावांनी मोठी मोडलेली भाकर हळूच परत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते संत्रा बर्फी घेऊन घरी आले. बैठकीत टीव्ही एकटाच बोलत होता. आतून सुनेचा आवाज आला, “आई, भाजी कोणती करू?” बस्स, एवढंच. गिऱ्हाइकानं भर दुकानात माल तोंडावर फेकला असता, तरी बाबारावांना इतकं लाजल्यासारखं झालं नसतं.

त्यांनी कुसुमताईंना मागच्या अंगणात गाठलं. “एका म्हाताऱ्यासाठी एवढी काहून रडली वं?”

“म्हाताऱ्यासाठी कोण रडते! त्याचं मले कधीच समजलं होतं. आंधळा माणूस अंधारात बरोबर नाव नेते, न दरवेळेस एकटाच वापस येते!”

“मंग?”

“आता पोरगी माह्याजवळ बसन काय, म्हणून रडली. समजलं तरी मी बोलली काय? पोरगी ते वाचन तवा ‘अगं बाई!’ म्हणाचं ठरवलं होतं मी. तुमच्याच्यानं एक जेवण गप्प बसवलं नाही!”

बाबाराव तसेच बर्फीचा डबा धरून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. (दुकानात ते कधी कोणासमोर उभे राहत नाहीत.) “चुकलं बेटा. तुही इतक्या दिवसांची वाट मी कात्रीनं कापली.”

अस्मितानं डबा घेतला. मग म्हणाली, “माफी नको बाबा. आता पहिल्या भागापासून तुम्ही वाचा. मोठ्यानं. आम्ही दोघी ऐकतो.”

तेव्हापासून दुकान दुपारी बंद. बाबाराव झुपकेदार मिशा सावरत खुर्चीत, दोघी दिवाणावर. नावाडी आला की दोघी एकमेकींना कोपर मारतात, “बघा आई, इथं खोटं बोलला!” आणि कुसुमताई मध्येच सुनावतात, “राजकुमारीचा आवाज नाजूक काढा! उधारी मागून राहिली काय थे?”

परवा ऐन शापाच्या प्रसंगात फोन वाजला. पडद्यांचं जुनं गिऱ्हाईक, शोभाताई. अस्मितानं उचलला.

“काकू, संध्याकाळी करता काय? बाबा आता राजकुमारी आहेत.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. अस्मितानं सासऱ्यांकडे नीट निरखून पाहिलं.

“नाही नाही काकू. मिशा ठेवूनच.”