नोंदी घेण्यात आल्या

माणसाची किंमत तो गेल्यावर कळते, हे जुन्या काळी ठीक होतं. विद्वानाची किंमत आता दर तीन महिन्यांनी कळते, आणि तीही दोन दशांश स्थळांपर्यंत.

विद्यापीठात त्यासाठी प्रभावमापन कक्ष आहे. पद्धत सोपी आणि न्याय्य आहे. तुमच्या लेखाचा उल्लेख दुसऱ्याने आपल्या लेखात केला, की एक गुण. तुमचं चुकलं हे सांगायला केला असेल, तरी एक गुण. (रसायन विभागातले एक प्राध्यापक एकाच ढोबळ चुकीवर चौदा वर्षं पहिल्या दहांत आहेत.) तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो, याला पूर्वी साटंलोटं म्हणत, आता सहकार्य म्हणतात आणि त्याचा आलेख काढतात. लेख वाचण्याला मात्र गुण नाहीत. तसा प्रस्ताव एकदा आला होता, पण वाचणारे तिघेच निघाल्यामुळे नमुना अपुरा ठरला.

या कक्षाने गांडूळमास्तरांना तीन गुण दिले.

गांडूळमास्तर म्हणजे मृदाशास्त्र विभागातले जुने अध्यापक. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली, खोलीत हातभर खोल अशी बारा लाकडी खोकी, खोक्यांत माती आणि मातीत गांडुळं. रोज सकाळी माती हलवायची, गांडुळं मोजायची आणि आकडा वहीत लिहायचा. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. पण दहाच्या खाली गुण असणाऱ्याची खोली काढून घ्यावी असा नियम होता, आणि ही खोली प्रभावमापन कक्षालाच हवी होती, कारण गुणांच्या फायली कपाटात मावेनाशा झाल्या होत्या. खोकी अंगणात ठेवावीत, असं पत्रात सौजन्याने सुचवलं होतं. गांडूळ उन्हात किती वेळ टिकतं, हे पत्रात नव्हतं. मास्तरांना ते मिनिटांत माहीत होतं.

तीनच गुण का, याला कारण होतं. विभागाच्या प्रत्येक लेखावर पहिलं नाव विभागप्रमुखांचं, दुसरं त्यांच्या मेहुण्याचं (मेहुणे पदार्थविज्ञानातले, पण मनाने मोठे) आणि तिसरं मास्तरांचं. उल्लेख करणारे लिहीत, 'प्रमुख व इतर'. कक्षातलं गुण मोजणारं मशीन जे दिसतं ते घेतं. त्याने 'इतर' यांना चार हजार एकशे बारा गुण देऊन विद्यापीठाचे सर्वाधिक प्रभावी विद्वान ठरवलं. मा. इतर यांना अभिनंदनाचं पत्र गेलं. ते पत्त्याअभावी परत आल्यावर, विद्वान प्रसिद्धीपराङ्मुख असल्याची नोंद झाली.

मास्तर कक्षात गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, "बाई, तो इतर म्हणजे मी."

"सकाळपासूनचे तुम्ही सातवे. बसा. नुसतं मी म्हणून भागत नाही, काय केलं ते लिहा."

मास्तरांनी लिहिलं, 'बारा खोक्यांतील गांडुळांच्या दैनंदिन नोंदी घेण्यात आल्या.' अकरा वर्षं प्रत्येक लेखात हेच वाक्य होतं, आणि एकाही परीक्षकाला त्यात काही कमी वाटलं नव्हतं. बाईंचा शास्त्राशी संबंध नव्हता, त्यामुळे त्या अडल्या.

"घेण्यात आल्या. कोणी घेतल्या?"

"शास्त्रात असंच लिहितात."

"लिहू द्या की. इथे नावाचा रकाना आहे, मास्तर. रिकामा सोडला तर मशीन घेत नाही."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्याच वर्षी त्यांची कंबर गेली होती. बायको डबा घेऊन आली, तेव्हा ते खोक्यापाशी वाकले होते ते तसेच राहिले होते. तिने त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं ते पुढे दिलंच नाही. ती मोजायची, ते स्टुलावर बसून लिहायचे. एकदा ती म्हणाली, सातव्यात एकशे चार लिहा. एक रुसून तळाशी बसलंय, पण आहे. मास्तर म्हणाले, न दिसणारं धरत नसतात. ती म्हणाली, तुम्ही रुसून आत जाऊन बसता तेव्हा मी ताट वाढतेच ना. त्यांनी धरलं. त्याच रुसलेल्या गांडुळावर पुढे विभागाचा सगळ्यात गाजलेला लेख उभा राहिला. लेखात त्याला 'खोल थरातील सुप्त गट' म्हटलं आहे.

"आमच्या मंडळींनी," मास्तर म्हणाले.

"किती जण?"

"एकच."

बाईंनी नाव विचारलं. मास्तरांनी सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते मोठ्याने उच्चारलं गेलं, म्हणून एकदा घसा खाकरून परत सांगितलं.

"सध्या कुठे असतात?"

"दोन वर्षं झाली जाऊन. आता मीच मोजतो, गुडघ्यांवर बसून."

बाईंनी रकान्यातल्या पर्यायांची यादी वरून खाली पाहिली. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'दीर्घ रजा' लिहिलं.

मशीनने हिशेब पुन्हा केला. सत्तावीस लेख त्या मोजणीवर उभे होते, म्हणून त्यांचे गुण मोजणाऱ्याच्या नावावर वळते झाले. मास्तरांच्या बायकोला सहाशे चाळीस गुण मिळाले; प्रमुख आणि मेहुणे एकत्र केले तरी आता तेवढे होत नव्हते. मास्तरांचे तीन ते तीनच राहिले. कक्षाची समिती तीनदा बसली. विद्वान हयात असावा अशी अट नियमांत कुठेच सापडली नाही. (घातली असती तर पहिल्या वीसांतले नऊ गळले असते, आणि दोघांबद्दल खात्री नाही.) शेवटी खोली तिच्या नावे झाली. दारावर तिच्या नावाची पाटी लागली. मास्तरांना तिचे साहाय्यक म्हणून, तिच्या परवानगीने, आत बसता येईल असं ठरलं. परवानगीच्या रकान्यात मास्तरांनी 'मिळाली' असं लिहिलं. कशी मिळाली, असं समितीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "नाही म्हणायचं असतं तर ती एव्हाना म्हणाली असती."

यानंतर कक्षाने परिपत्रक काढलं: ज्यांनी कधी 'करण्यात आले' असं लिहिलं असेल, त्यांनी करणाऱ्याचं नाव कळवावं. चारशे फॉर्म वाटले. तीनशे नव्व्याण्णव 'लागू नाही' असं लिहून परत आले. (चारशेवा मेहुण्यांचा. त्यांनी प्रमुखांचं नाव लिहिलं.)

जास्तीचे छापलेले फॉर्म आता बाहेरच्यांनाही मिळतात. विद्वान असण्याची अट नाही. आपणही एक घ्यावा. पहिलाच रकाना असा आहे: आज सकाळपासून आपल्या घरात जे जे झालं, ते कोणी केलं? बाईंचा अनुभव असा, की इथे बहुतेकांचं पेन अडतं. खिडकीत दुसरं पेन ठेवलेलं आहे.