बापूंचं कोपर

आमचे शेजारी बापू हल्ली भेटले की नमस्कार करत नाहीत. आधी समोरच्याचं कोपर दाबून बघतात.

"दुखतंय?"

"नाही."

"दुखंल. काय खरं न्हाय बघा."

हे त्यांचं पालुपद. ढग आले तरी काय खरं न्हाय, ऊन पडलं तरी तेच. कोल्हापुरात भर पेठेत, घरामागच्या गोठ्यात त्यांची एक म्हैस आहे, गौरी. साठी उलटली तरी दोन्ही वेळची धार स्वतः काढतात. यंदा त्यांच्या हातातून चहाचा कप निसटायला लागला, म्हणून मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

"टेनिस एल्बो," डॉक्टर म्हणाले.

बापू उखडले. "ओ पावणं, तालमीत माती खाल्लीया मी. टेनिस आमच्या घराण्यात कुणी खेळलं न्हाय!"

डॉक्टर हसले. रोज तीच मूठ आवळून कोपराजवळचा स्नायू दुखावतो, म्हणाले. पट्टा बांधा, व्यायाम करा आणि काही आठवडे धार बंद.

"बंद? कास सुजंल की तिची!"

बापूंनी तसंच रेटलं. मग एका सकाळी कळ खांद्यापर्यंत चढली, मूठच वळेना. गौरी हंबरत होती. माझी बायको हातकणंगल्याकडची, शेतकऱ्याघरची. ती चरवी घेऊन बसली. गौरीनं लाथेसरशी चरवी उडवली. पान्हा सोडेना. कास दगडासारखी टणक. बापू घामाघूम. ते "काय खरं न्हाय"सुद्धा म्हणेनात, तेव्हा मला खरी भीती वाटली.

ते आत गेले आणि एक हिरवं जुनं लुगडं घेऊन आले.

"वैनी, एवढं अंगावर घ्या." मागच्या वर्षी वारलेल्या त्यांच्या पत्नीचं, आक्कांचं. "म्हस तिच्या हातची हाय. ती गेली तवा मीबी ह्येच गुंडाळून बसायचो. मिशीसकट. मग झाली माझी सवय."

आम्हाला हसू आलं. गौरीनं पदर हुंगला, आणि थोड्या वेळानं चरवीत धार वाजू लागली. बापू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढं त्यांचा हात सुधारेपर्यंत धार बायकोनंच काढली. पण सांगायचं ते त्याच दुपारचं. ती लुगडं धुवायला निघाली, तर बापू धावत आले.

"धुऊ नका, वैनी."

"शेणाचा डाग पडलाय, बापू."

"पडू दे. वास जाईल." मग घाईनं म्हणाले, "म्हशीला लागतोय न्हवं?"

आणि लुगडं छातीशी धरून ते गोठ्याकडे न जाता घरात गेले.